बरं वाटणं आणि बरं होणं : भावाच्या धसक्याबद्दल विचारणाऱ्या ताईंना

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी तो थोडक्यात मांडते, म्हणजे माझं काही चुकीचं समजलं असेल तर तुम्ही सांगू शकाल. तुम्ही कळव्यात, रुळांपासून फार लांब नाही अशा इमारतीत राहता. धाकटा भाऊ सत्तावीस वर्षांचा. सात महिन्यांपूर्वी संध्याकाळच्या लोकलमध्ये, दारात त्याच्या शेजारी उभा असलेला रोजच्या गाडीतला एक माणूस त्याच्या डोळ्यांदेखत खाली पडला आणि गेला. तेव्हापासून भाऊ लोकलमध्ये चढलेला नाही. दोन बस बदलून घाटकोपरला जातो, आठवड्यातून दोन दिवस तर जातच नाही. रात्री तीनला दचकून उठतो. गाडीचा भोंगा वाजला की जेवणाचं ताट तसंच टाकून आतल्या खोलीत जातो. कधी आवाज न चढवणारा मुलगा आता आईवर ओरडतो. आई म्हणते, याला भीती बसलीय, गावी नेऊन गाऱ्हाणं घालू. मामा म्हणतात, रोज सकाळी येऊरला ने, झाडांत फिरला की सुटेल. मैत्रिणीने कर्जतकडच्या तीन दिवसांच्या ‘जंगल हीलिंग’ शिबिराची जाहिरात पाठवलीय, फी अठरा हजार. आणि तुम्ही विचारताय की यातलं खरं काय, की सरळ डॉक्टरकडे न्यावं?

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, ठाण्यात बावीस वर्षं हेच काम करते. भावाला समोर बसवल्याशिवाय निदान करता येत नाही, ते मी करणार नाही. पण तुम्ही लिहिलेल्या गोष्टींवरून बरंच बोलता येईल.

माझ्या मते तुमच्या आईने दुखण्याचं नाव बरोबर घेतलंय आणि मामांनी पहिली पायरी बरोबर सांगितलीय. अडचण त्याच्या पुढच्या पायरीची आहे, आणि ती या दोघांच्याही सांगण्यात नाही.

‘भीती बसली’, ‘धसका घेतला’, ‘हाय खाल्ली’ हे आपले शब्द बघा. आपण भीती ‘वाटली’ म्हणतो तेव्हा ती येऊन जाणारी असते. ‘बसली’ म्हणतो तेव्हा ती घरात ठाण मांडून असते. छातीत धस्स होतं, पोटात गोळा येतो, हातपाय गार पडतात. आपल्या आज्यांना हे पक्कं माहीत होतं की मोठा धक्का आधी अंगात शिरतो. आजचं विज्ञान त्यापेक्षा फार वेगळं सांगत नाही. धोक्याच्या क्षणी मेंदूतला अमिग्डला नावाचा छोटासा भाग घंटा वाजवतो, अ‍ॅड्रेनालिन उसळतं, काळीज धडधडतं. त्याच वेळी जो भाग घटनेला जागा आणि वेळ चिकटवून ठेवतो, तो हिप्पोकॅम्पस, त्या गदारोळात आपलं काम नीट करू शकत नाही. साध्या आठवणीवर टपालासारखा तारखेचा शिक्का असतो : हे मागच्या दिवाळीत झालं, संपलं. धसक्याच्या आठवणीवर तो शिक्का बसलेला नसतो. म्हणून भोंगा वाजला की तुमच्या भावाला ती घटना ‘आठवत’ नाही, ती पुन्हा घडते. तो ताट टाकून उठतो ते नाटक नाही, हट्टही नाही. त्याच्या शरीराच्या हिशेबी माणूस आत्ता पडतोय.

अशा दुखण्याला पीटीएसडी (पोस्ट-ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर, म्हणजे आघातानंतर टिकून राहिलेला मानसिक त्रास) म्हणतात. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत हे निदान १९८० साली आलं. त्यात ढोबळमानाने घटना परत परत अंगावर येणं, तिची आठवण करून देणारं सगळं टाळणं आणि सतत सावध, चिडचिडं राहणं असतं. हे एक महिन्याहून जास्त टिकलं आणि रोजचं जगणं अडलं तरच हे नाव द्यायचं. पहिल्या काही आठवड्यांत असं वाटणं स्वाभाविक असतं आणि पुष्कळ जण घरच्या आधाराने आपोआप सावरतात. पण सात महिने झालेत आणि नोकरी धोक्यात आलीय. ‘थोडे दिवस जाऊ देत’ म्हणण्याची वेळ टळून गेलीय, एवढं मी निश्चित सांगेन.

आता येऊरबद्दल. मामांचं म्हणणं मला मनापासून पटतं. धसका बसलेल्या माणसाला मी पहिल्याच दिवशी घटनेबद्दल विचारत नाही. आधी त्याच्या शरीराला दिवसातून तासभर तरी ‘इथे काही होणार नाही’ असं वाटायला हवं. त्यासाठी झाडं, पाणी, माती आणि सकाळचं ऊन यांच्याइतकी स्वस्त आणि सौम्य मदत दुसरी नाही. जपानच्या वनखात्याने १९८२ साली ‘शिनरिन-योकू’, म्हणजे वनस्नान, हा शब्द रूढ केला. पुढे तिथल्या अभ्यासांत दिसलं की जंगलात सावकाश फिरल्यावर नाडी आणि रक्तदाब काही काळ खाली येतो. रॉजर उलरिक यांचा १९८४ चा अभ्यास तर आमच्या क्षेत्रात सगळ्यांना माहीत असतो. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना कडक वेदनाशामकं कमी लागली. यातून झाडं पीटीएसडी बरा करतात असं सिद्ध होत नाही. ताणलेलं शरीर झाडांजवळ सैल पडतं, एवढंच दिसतं. पण तुमच्या भावाला आत्ता तेच हवंय.

येऊरपासूनच सुरुवात मात्र करू नका. तो राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, बिबट्यांचा वावर आहे, पहाटेच्या अंधारात सामसूम असते. आधीच सावध असलेल्या माणसाला प्रत्येक सळसळ धोक्याची वाटेल. पायथ्याशी उपवन तलाव आहे, पाचपाखाडीकडे कचराळी तलाव आहे. कचराळी मला जास्त आवडतो, कारण फेरी छोटी आहे, माणसं रोज तीच असतात आणि कुठूनही दोन मिनिटांत बाहेर पडता येतं. तलावपाळी सुरुवातीला टाळा. स्टेशन जवळ, गर्दी आणि हॉर्न. रोज तीच वेळ, तोच रस्ता, बरोबर घरचं एक माणूस. चालताना घटनेवर बोलू नका. फक्त एक गोष्ट करायला सांगा : पाच आवाज ओळख, लांबचा कुठला, जवळचा कुठला. कावळा, झाडूचा खरखराट, कुणाच्या चपला. धसक्यात कान धोका शोधत असतात. त्यांना साधा आवाज साधाच ऐकायची सवय हळूहळू परत लावायची. आणि सकाळच्या उजेडाने झोपेचं घड्याळही जागेवर यायला मदत होते.

सगळ्यांना बाहेर बरं वाटतं असंही नाही. हे माणसावर आणि त्याच्यावर काय बेतलंय त्यावर अवलंबून असतं. माझ्याकडे एक मुलगी यायची (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून सांगते), तिच्यावर निर्जन रस्त्यावर हल्ला झाला होता. तिला झाडी बघितली की घाम फुटायचा. तिला ‘निसर्गात जा’ सांगणं म्हणजे जखमेवर मीठ. तिच्यासाठी आम्ही निसर्ग खिडकीत आणला : जुना ट्रे, माती, घरातलीच मेथी. मेथी तीन-चार दिवसांत डोकं वर काढते, म्हणून मुद्दाम मेथी. ज्याला उद्याचा भरवसा वाटत नाही त्याला वर्षभराने फुलणारं झाड देऊन उपयोग नाही. तिने दर आठवड्याला एक ट्रे पेरला, भाजी खुडून घरी दिली. माझ्याकडे आल्यावर पहिली दहा मिनिटं ती मेथीबद्दलच बोलायची, आणि मग हळूच बाकीचं.

आता जे सांगते त्यासाठी मी हे उत्तर लिहायला बसले.

वागळे इस्टेटमध्ये काम करणारे एक गृहस्थ होते, पन्नाशीचे. समोरच्या प्रेस मशीनमध्ये सहकाऱ्याचा हात गेला होता. माझ्याकडे येण्याआधी दोन वर्षं ते रोज उपवनहून येऊरपर्यंत चालत होते आणि खरंच सांगत होते की तिथे त्यांना फार छान वाटतं. पण त्या दोन वर्षांत काय झालं होतं? आधी त्यांनी ते मशीन सोडलं, मग तो विभाग, मग कारखाना. नंतर लिफ्टचं दार बंद होताना भीती वाटायला लागली म्हणून जिना. शेवटी घरात मिक्सर लावला की ते गॅलरीत जाऊन उभे राहायचे. बायको पाट्यावर चटणी वाटायला लागली होती. येऊरने त्यांना रोज दोन तास दिलासा दिला आणि उरलेले बावीस तास आक्रसत गेले. येऊर त्यांचं औषध होतं, पण त्याचबरोबर लपायची जागाही झालं होतं.

बरं वाटणं आणि बरं होणं यांत हा फरक आहे. टाळल्याने त्या क्षणी सुटका होते, आणि शरीर त्या सुटकेतून शिकतं की टाळलं म्हणून वाचलो. दर खेपेला भीती थोडी मोठी होते. तुमच्या भावाच्या दोन बसही तेच करतायत. त्याला बोल लावत नाही. त्याने नोकरी टिकवायला काढलेली ती वाट आहे. पण नुसतं फिरायला नेऊन आणि बसने पाठवून तारखेचा शिक्का बसणार नाही.

आईच्या गाऱ्हाण्याकडे वळते, कारण शहरातले शिकलेले लोक इथे घाईने हसतात. मी हसत नाही. आपल्याकडे घरातलं माणूस गेलं की सुतक असतं. दहा-तेरा दिवस कामाला जायचं नसतं, शेजारी पिठलं-भात आणून देतात, आणि येणारा प्रत्येक जण विचारतो, ‘कसं झालं हो?’ घरच्यांना तीच हकीकत पुन्हा पुन्हा सांगावी लागते. पहिल्या दिवशी ती तुटक असते, रडण्यात बुडालेली. दहाव्या दिवशी तिला सुरुवात असते आणि शेवटही असतो. हा शेवट येणं फार मोलाचं आहे. तुमच्या भावाला यातलं काहीच मिळालं नाही. गेलेला माणूस त्याचा कुणीच नव्हता, ना नात्यातला, ना मित्र. डब्यातली ओळख, कदाचित नावही माहीत नसेल. परक्याचा मृत्यू इतक्या जवळून पाहिलेल्या माणसासाठी आपल्याकडे सुतक नाही. त्याला कुणी पिठलं-भात आणला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने कामावर जावं अशीच सगळ्यांची अपेक्षा असणार.

म्हणून गावी जाऊन देवासमोर गाऱ्हाणं घालायचं असेल तर जरूर घाला. गाऱ्हाण्यात चार माणसांसमोर मोठ्याने म्हटलं जातं की ‘या लेकरावर असं असं बेतलंय, याला सांभाळ’. कुणीतरी त्याचं दुःख जाहीरपणे मान्य करतं. आईला मीठ-मोहऱ्या ओवाळायच्या असतील तर ओवाळू दे, भावाची हरकत नसेल तर. शक्य झालं तर त्यात एक गोष्ट वाढवा : त्या गेलेल्या माणसाच्या नावाने, नाव माहीत नसेल तर नावाविना, एक पान वाढा किंवा एक झाड लावा. आजवर तीन-चार जणांना मी हे सुचवलंय. प्रत्येक वेळी पहिल्यांदा रडू आलं ते तिथे.

पण इथे माझ्या अटी कडक आहेत. मारणं, बांधणं, उपाशी ठेवणं, मिरचीची धुरी देणं, ‘तुझ्यात कुणीतरी शिरलंय’ असं त्याच्या मनात भरवणं, यातलं काहीही सुरू झालं तर त्याच पावली परत या. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे आणि भूत उतरवण्याच्या नावाखाली असा छळ करणं गुन्हा आहे. तमिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली तेव्हा उपचाराच्या नावाने साखळदंडांनी बांधून ठेवलेले २८ जण गेले. त्यांनाही घरच्यांनी श्रद्धेनेच तिथे नेलं होतं. आणि ‘तू दारात कशाला उभा राहिलास, म्हणून झालं’ असं कुणी देवाच्या नावाने बोललं तर त्याला तिथेच थांबवा. अशा मुलांच्या मनात आधीच एक वाक्य फिरत असतं : मी हात धरायला हवा होता. त्यावर आणखी ओझं नको.

परंपरेतली आणखी एक गोष्ट मला कामात फार उपयोगी पडते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या संशोधकांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. मी त्यातल्या वाचत बसते तेव्हा जाणवतं की सासुरवास, मेलेलं मूल, माहेर तुटणं, हे सगळं बायकांनी जात्याला सांगितलंय. हात एका लयीत फिरतोय, नजर पिठावर आहे, समोर कुणी डोळ्यांत बघत नाहीये. अशा वेळी अवघड गोष्ट तोंडातून निघते. समोरासमोर खुर्च्या टाकून ‘बोल, काय होतंय तुला’ विचारलं की निघत नाही. तुम्ही विचारलंय ना, त्याच्याशी या विषयावर बोलू की नको? तर असं बोला. त्याला मटार सोलायला बसवा, स्वतः शेजारी बसा, आणि गप्प राहायची तयारी ठेवा. वीस मिनिटं काहीच निघालं नाही तरी मटार सोलून होतील. त्याने काही सांगितलं तर सल्ला देऊ नका, ‘विसर आता’ म्हणू नका. ‘मग?’ एवढंच म्हणा.

योग-प्राणायामाबद्दल तुम्ही ओझरतं विचारलंय, पण तिथे लोक सर्वात जास्त चुकतात. माझीही एक चूक सांगते. कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत मी एका बाईंना शवासनात झोपवून डोळे मिटायला सांगितलं होतं. दोन मिनिटांत त्या थरथरत उठून दाराकडे धावल्या. डोळे मिटून, पाठीवर, हलायचं नाही, हीच त्यांच्या वाईट आठवणीतली स्थिती होती आणि मी ते विचारलंच नव्हतं. तेव्हापासून मी डोळे उघडे ठेवून, बसून, दाराकडे तोंड करून सुरुवात करते. जलद श्वासाचे प्रकार, कपालभाती आणि भस्त्रिका, सध्या नकोत. त्यांनी धडधड वाढते आणि धसक्यातल्या शरीराला ती धोक्याचीच वाटते. उलट श्वास सोडणं लांबवायचं : चार आकडे घ्यायचा, सहा आकडे सोडायचा, पाच मिनिटं. श्वास सोडताना हृदयाची गती नैसर्गिकपणे मंदावते, त्याचाच आपण फायदा घेतो. भ्रामरी चालेल, डोळे उघडे ठेवून. दहा दिवसांच्या मौनाच्या शिबिराला आत्ता पाठवू नका. ती साधना मोठी आहे, पण ताज्या धसक्यासकट दहा दिवस स्वतःच्या आत बंद होणं सगळ्यांना झेपत नाही.

योगाचा उपयोग होतो याचा चांगला पुरावाही आहे. अमेरिकेत बेसेल व्हॅन डर कोल्क यांच्या गटाने २०१४ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. वर्षानुवर्षं पीटीएसडी असलेल्या, इतर उपचारांनी पूर्ण बऱ्या न झालेल्या ६४ स्त्रिया त्यात होत्या. एका गटाला दहा आठवडे, आठवड्यातून एक तास, खास बेतलेला योग दिला. शेवटी त्या गटातल्या ५२ टक्के स्त्रिया निदानाच्या कक्षेबाहेर आल्या, दुसऱ्या गटातल्या २१ टक्के. पण तो योग पूरक उपचार म्हणून दिला होता, आणि ‘जमत नसेल तर करू नका’ हे शिकवणाऱ्याच्या प्रत्येक सूचनेत होतं.

मग पुढची पायरी कोणती? ज्या आठवणीवर शिक्का नाही, तिच्याकडे प्रशिक्षित माणसाच्या सोबतीने, थोडं थोडं, ठरलेल्या वेगाने परत जाणं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत दोन पद्धतींची शिफारस आहे : आघातावर केंद्रित सीबीटी (विचार आणि वागण्यावर काम करणारा बोलण्याचा उपचार) आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींचा वापर करणारा उपचार). पहिलीत भाऊ ती संध्याकाळ सविस्तर सांगेल, पुन्हा सांगेल, आणि ‘मी हात धरायला हवा होता’ हे वाक्य तो आणि थेरपिस्ट मिळून तपासतील : किती सेकंद होते, तुझा हात कुठे होता, दार किती भरलेलं होतं. दुसरीत आठवण मनात धरून थेरपिस्टच्या हालत्या बोटामागे नजर फिरवायची असते. ऐकायला विचित्र वाटतं, पण अनेकांना त्याने फरक पडतो. एकाच घटनेचा धसका असेल तर साधारण आठ ते बारा बैठका लागतात. लहानपणापासूनचे घाव असतील तर जास्त. म्हणून पहिल्या भेटीत जुनंही विचारलं जाईल, त्याने चिडू नये.

आणि मग गाडी. हे थेरपिस्टबरोबर ठरवून करायचं, पण कसं असतं त्याची कल्पना देते. माझ्याकडच्या मुलांना मी आधी ठाणे स्टेशनबाहेरच्या सॅटिस पुलावर नेते, वरून गाड्या बघायच्या. भीतीला शून्य ते दहा आकडा द्यायचा आणि तो निम्मा होईपर्यंत तिथेच थांबायचं. निघायची घाई करायची नाही, कारण आकडा नऊवर असताना निघालो तर शरीर पुन्हा ‘पळालो म्हणून वाचलो’ हेच शिकतं. मग रविवारी दुपारी फलाटावरच्या बाकावर बसायचं. मग नऊ-दहा नंबरचे फलाट. नवी मुंबईकडे जाणाऱ्या ट्रान्स-हार्बरच्या गाड्या ठाण्यातूनच सुटतात, त्यामुळे सुटण्याआधी त्या थोडा वेळ उभ्या असतात. उभ्या गाडीत चढायचं, बसायचं, सुटायच्या आत उतरायचं. काही दिवसांनी न उतरता फक्त दिघा गावापर्यंत जाऊन परत यायचं. दाराजवळ नाही, आत, खिडकीशी. ऐरोलीपर्यंत जमलं की आम्ही तिथून खाडीकाठी फ्लेमिंगो बघायला जायचं ठरवतो, मोसम असेल तर. गाडीच्या शेवटी काहीतरी बघण्यासारखं असावं एवढाच त्यात विचार. इथे मामांचा निसर्ग पुन्हा कामी येतो, आणि या वेळी तो गाडीपासून लांब नेत नाही, गाडीत बसवून नेतो.

औषध लिहिणं माझं काम नाही, ते मानसोपचारतज्ज्ञांचं. झोप पूर्ण गेली असेल, उदासी खोल असेल तर काही महिने औषध घेतल्याने बोलण्याचे उपचार सोसायला बळ येतं. ओळखीच्या केमिस्टकडून झोपेच्या गोळ्या आणू नका, आणि सुरू केलेलं औषध कुणा शिबिरवाल्याच्या सांगण्यावरून बंद करू नका.

शिबिराला माझा विरोध नाही. पण अठरा हजार देण्याआधी त्यांना फोन करून विचारा की रात्री दोन वाजता कुणी घाबरून उठलं तर तिथे कोण असतं आणि त्याचं शिक्षण काय. गटासमोर आपली हकीकत सांगावीच लागते का, हेही विचारा. ‘आमच्याकडे आलात की गोळ्या लागत नाहीत’ असं उत्तर आलं तर फोन ठेवा. तीन दिवसांत धसका मुळासकट काढतो म्हणणाऱ्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही. तेवढ्या पैशांत ठाण्यात चांगल्या थेरपिस्टच्या बऱ्याच बैठका होतात. परवडत नसेल तर ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. १९०१ पासून ते इथे आहे, आणि त्याच्यावरून ‘ठाण्याला न्यायला हवं’ असं चेष्टेत म्हणायची सवय आपल्या लोकांना लागली. त्या चेष्टेपायी किती घरांनी बाह्यरुग्ण विभागाची पायरी चढायला वर्षं घालवली ते मी पाहिलंय. तिथे दाखवणं म्हणजे भरती करणं नव्हे. टेली-मानस या सरकारी सेवेचा नंबर १४४१६, चोवीस तास, मराठीतही बोलतात. भाऊ जिवाचं बरंवाईट करण्याबद्दल बोलला, रोज प्यायला लागला किंवा खाणं-पिणं सोडलं तर तलाव, मेथी, गाऱ्हाणं सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.

तोवर घरात एवढं करा. त्याचं अंथरूण रुळांच्या विरुद्ध बाजूच्या खोलीत हलवा, तात्पुरतं. घर बदलण्याचा विचार मात्र नको. रात्री दचकून उठला तर हात लावून हलवू नका, दोन पावलं लांबून नावाने हाक मारा आणि सांगा, ‘तू घरी आहेस, कळव्यात, आज शनिवार आहे.’ वार सांगायचा तो मुद्दाम, आत्ता कोणता दिवस आहे ते शरीराला कळावं म्हणून. दुपारी चारनंतर चहा बंद. आईला समजवा की तो ओरडतो तेव्हा तिच्यावर रागावलेला नसतो. आणि तुम्ही स्वतः सात महिने त्याच्या उठण्यावर कान ठेवून झोपताय, हे तुमच्या लिहिण्यातून दिसतं. एक दिवसाआड आईने किंवा मामांनी ती पाळी घ्यावी.

पहिल्या भेटीला जाताना एक वही न्या. गेल्या दोन आठवड्यांत तो किती वेळा दचकून उठला, काय काय टाळतो आणि कशाने थोडं बरं वाटतं, एवढंच तिच्यात लिहा. तिसरं विसरू नका, उपचाराची सुरुवात आम्ही तिथूनच करतो. त्याला ‘तुला डॉक्टरकडे न्यायचंय’ असं न म्हणता ‘तुला झोप लागत नाही, त्यासाठी जाऊन येऊ, मी बरोबर आहे’ असं म्हणा. ते खरंही आहे आणि त्याला पटेलही. नाही म्हणाला तर उद्या सकाळी कचराळीला जा, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी चालता चालता पुन्हा विचारा.